ठाणे आणि एचडीआर: कुठे, कधी, किती?

उपवनकाठ

संध्याकाळी उपवन तलावाच्या पूर्वेच्या काठावर उभं राहिलं की सूर्य समोर येऊरच्या डोंगरामागे उतरतो. आकाश अजून लख्ख असतं आणि डोंगराची आपल्याकडची बाजू सावलीत गेलेली असते. डोळ्यांना ढगांच्या कडाही दिसतात आणि डोंगरावरची झाडीही. फोटो काढला की यातलं एकच हाती लागतं. ढग जपले तर डोंगर काळा ठिक्कर, झाडी जपली तर आकाश पांढरंफटक.

याचं कारण सोपं आहे. डोळा एका जागी थांबत नाही. ढगांकडे बघताना बाहुली आवळते, झाडीकडे वळलो की मोठी होते, आणि मेंदू दोन्ही जोडून एक दृश्य उभं करतो. कॅमेऱ्याला मात्र सगळं एकाच एक्स्पोजरमध्ये, म्हणजे एकदाच आत घेतलेल्या उजेडात, घ्यावं लागतं.

कोणीही करून बघावं: कॅमेरा स्पॉट मीटरिंगवर (छोट्या भागाचाच उजेड मोजणारी सेटिंग) ठेवा, आयएसओ (उजेडाबद्दलची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (भिंगाचं छिद्र) एफ/८. आधी उजळ ढगावर माप घ्या, मग डोंगराच्या झाडीवर. शटरचा वेग ढगावर १/२००० आणि झाडीवर १/८ सेकंद आला, तर मधे आठ स्टॉपचं अंतर झालं. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. आठ स्टॉप म्हणजे २५६ पट. ज्या पडद्यावर आपण फोटो बघतो त्याला एवढं अंतर जसंच्या तसं नीट दाखवणं अवघड जातं. म्हणून वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो घ्यायचे, ते जोडून सगळा उजेड एका फायलीत साठवायचा आणि मग तो पडद्याच्या आवाक्यात बसवायचा. जोडणं हा एचडीआरचा (हाय डायनॅमिक रेंज) पहिला भाग आणि बसवणं, म्हणजे टोन मॅपिंग, हा दुसरा. पहिला भाग गणिताचा आहे. दुसरा आपल्या नजरेचा आहे, आणि बहुतेक फोटो तिथेच बिघडतात.

माझी पद्धत अशी: ट्रायपॉड, रॉ फॉरमॅट (सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल), अ‍ॅपर्चर आणि फोकस एकदा ठरवून पक्के, व्हाइट बॅलन्सही पक्का. बदलायचा तो फक्त शटरचा वेग, कारण अ‍ॅपर्चर बदललं की किती अंतरापर्यंत स्पष्ट दिसतं तेही बदलतं आणि फोटो नीट जुळत नाहीत. ब्रॅकेटिंग, म्हणजे एकाच दृश्याचे वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो, उणे दोन, शून्य, अधिक दोन स्टॉप. बटण बोटाने न दाबता टायमर लावतो.

तलावपाळीला वेळ महत्त्वाची. सूर्य बुडाल्यावर साधारण वीस मिनिटांनी आकाशाचा निळा उजेड आणि रस्त्यावरचे दिवे एकमेकांच्या जवळ येतात. तेव्हा गडकरी रंगायतनची बाजू, पाण्यातली प्रतिबिंबं आणि आकाश हे सगळं तीन फोटोंत आरामात मावतं. त्यानंतर आकाश काळं पडतं आणि कितीही फोटो जोडले तरी त्यात काही उरत नाही. कळव्याच्या नव्या केबलच्या पुलालाही हेच लागू.

एचडीआर म्हणजे सावल्या पुसायचं रबर नाही, असं मला मनापासून वाटतं. किती उजेड होता त्याचं पूर्ण माप आधी घेऊन ठेवायचं, आणि मग कुठला अंधार अंधारच राहू द्यायचा ते आपण ठरवायचं. येऊरचा डोंगर संध्याकाळी सावलीतच असतो. त्यातली झाडी ओळखू आली की पुरे. ती दुपारसारखी उजळली तर ते उपवन राहत नाही.

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, कुठेही असे प्रयोग केले असतील तर इथे लिहा. प्रकाशचित्रं द्या, सेटिंगही द्या.


कळवाकरीण

मस्त धागा. वाचनखूण साठवली.

माझ्याकडे फक्त फोन आहे. त्यात एचडीआर आपोआप चालू असतं. तेही हेच का? आणि एक गोष्ट बरेच दिवस विचारायची होती. खाडीवरच्या पहाटेचा फोटो माझ्या फोनवर अगदी झळाळतो, सूर्य खरंच चमकल्यासारखा दिसतो. तोच फोटो बहिणीच्या जुन्या फोनवर साधा दिसतो. फोटो पाठवताना खराब होतो का?


उपवनकाठ

ताई, फोनचं एचडीआर याच कुळातलं आहे. आयफोनवर ते २०१० साली आलं, तेव्हा तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो जोडले जायचे. गूगलच्या एचडीआर प्लसने वेगळी वाट धरली. आकाश जळू नये म्हणून सगळे फोटो मुद्दाम कमी एक्स्पोजरचे, पण एकसारखे घ्यायचे. झटपट एकामागोमाग घेतलेले हे फोटो जुळवून त्यांची सरासरी काढली की सावलीतले दाणे (नॉइज) कमी होतात, आणि मग सावली उजळवता येते. सगळे फोटो लहान एक्स्पोजरचे असल्याने हात थोडा हलला तरी चालतं. ट्रायपॉड न्यायला मनाई असते अशा जागी मीही फोनच वापरतो.

दुसरा प्रश्न वेगळा आहे. हल्ली एचडीआर हा शब्द पडद्यासाठीही वापरतात. नव्या फोनच्या फोटोत नेहमीच्या चित्राबरोबर आणखी एक नकाशा साठवलेला असतो. कुठला भाग किती जास्त उजळायचा ते त्यात असतं. अँड्रॉइड १४ पासून त्याला अल्ट्रा एचडीआर म्हणतात. ज्या फोनचा पडदा तेवढा उजळ होऊ शकतो तो हा नकाशा वापरतो, बाकीचे नेहमीचं चित्र दाखवतात. बहिणीच्या फोनवर बहुधा तेच होतंय. काही अ‍ॅप फोटो पाठवताना हा नकाशा काढूनही टाकतात, त्यामुळे मूळ फाइल आपल्याकडे जपून ठेवा.


कृष्णधवल

विषय चांगला मांडलाय, पण माझं मत या प्रकाराबद्दल फार चांगलं नाही, आणि ते स्पष्ट सांगतो.

मी फिल्मवर शिकलो. फोटोग्राफीच्या ग्रुपवर जे एचडीआर म्हणून येतं ते बघवत नाही. पांढऱ्या ढगांना मळकट राखाडी रंग, इमारतींच्या कडेने उजळ प्रभावळ, रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला सारखीच धार. कोपिनेश्वराच्या मंदिराचा असा एक फोटो पाहिला होता, त्यात गाभारा आणि अंगण यांच्या उजेडात फरकच उरला नव्हता. बाहेरच्या उन्हातून आत गेलं की डोळ्यांना क्षणभर काही दिसत नाही आणि मग हळूहळू समईचा उजेड दिसायला लागतो, हेच तर मंदिर आहे. ते सपाट केलंत तर काय राहिलं?

ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९३९-४० च्या सुमारास झोन सिस्टिम मांडली. शून्यापासून दहापर्यंत अकरा पायऱ्या. बटण दाबण्याआधी फोटोग्राफरने ठरवायचं की समोरची कुठली गोष्ट कुठल्या पायरीवर बसणार. शून्य म्हणजे निव्वळ काळं, आणि त्यालाही चित्रात जागा होती.


उपवनकाठ

तुमचं गाभाऱ्याचं उदाहरण मला पूर्ण पटतं, आणि झोन सिस्टिम मी याच कामासाठी वापरतो. तरी दोन गोष्टींवर माझं मत वेगळं आहे.

पहिली गोष्ट, दोन एक्स्पोजर जोडणं ही संगणकाची करामत नाही. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५० च्या दशकात समुद्राची चित्रं अशीच केली. त्या काळची फोटोची काच निळ्या उजेडाला फार संवेदनशील होती, त्यामुळे समुद्र नीट आला की आकाश कोरं पांढरं यायचं. त्याने समुद्राची एक आणि आकाशाची एक अशा दोन निगेटिव्ह वापरून एकच छापील चित्र काढलं. त्याची अडचण तीच होती जी उपवनला आपली असते.

दुसरी, ती प्रभावळ. जोडणीत ती येत नाही, ती येते टोन मॅपिंगमध्ये. सॉफ्टवेअर प्रत्येक बिंदू आजूबाजूच्या भागाशी ताडून बघतं आणि अंधाऱ्या भागाशेजारचा उजेड आणखी वर ढकलतं. डोंगराची काळी कड आणि आकाश जिथे भेटतात तिथे हा हिशेब फसतो आणि उजळ पट्टा तयार होतो. स्थानिक कॉन्ट्रास्टची स्लायडर अर्ध्यावर आणली की बहुतेक वेळा तो जातो. मळकट ढगांचंही तसंच. ढग हा चित्रातला सर्वांत उजळ भाग असेल तर तो पांढऱ्याच्या जवळच राहू द्यायचा.

म्हणजे तुमची तक्रार वापरणाऱ्याच्या निवडीबद्दल आहे, आणि ती रास्त आहे.


चौदाबिट

थोडी तांत्रिक भर.

उपवनचं आठ स्टॉपचं उदाहरण आजच्या चांगल्या सेन्सरला एका रॉ फायलीतही जमू शकतं. सर्वांत कमी आयएसओवर हे सेन्सर साधारण १३-१४ स्टॉप पकडतात. ढग जळणार नाहीत एवढंच बघून एकच फोटो घ्या आणि सावली नंतर उचला. जेपेगमध्ये हे जमत नाही, कारण तिथे प्रत्येक रंगाला २५६च पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४.

पण त्या पायऱ्या सारख्या वाटलेल्या नसतात. सेन्सर उजेड सरळ मोजतो, त्यामुळे सर्वांत उजळ स्टॉपलाच निम्म्या, म्हणजे ८,१९२ पायऱ्या मिळतात. त्याखालच्याला ४,०९६, त्याखालच्याला २,०४८. खाली गडद सावलीपर्यंत येता येता हातात मोजक्याच पायऱ्या राहतात आणि त्याही दाण्यांनी भरलेल्या. जास्त एक्स्पोजरचा दुसरा फोटो घेण्याचा खरा फायदा हा आहे. सावलीला त्यात वरच्या पायऱ्या मिळतात.

म्हणून माझा नियम: पहिला फोटो असा की हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला टेकणार नाही. शेवटचा असा की सावलीचा भाग मध्यापर्यंत सरकलेला. मधले दोन दोन स्टॉपच्या अंतराने. किती फोटो लागतील ते दृश्य ठरवतं. सूर्य स्वतः चौकटीत असेल, किंवा अंधारी खोली आणि उन्हातली खिडकी एकत्र असेल, तर तीन पुरत नाहीत.

या जोडणीमागचं गणित पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांच्या १९९७ च्या शोधनिबंधामुळे सर्वत्र पोचलं. फोटोंवरूनच कॅमेऱ्याचा प्रतिसाद कसा शोधायचा आणि समोरच्या उजेडाचं प्रमाण कसं काढायचं, ते त्यात आहे.


खाडीपल्याड

ऐरोलीहून लिहितोय. खाडीवर माझा अनुभव असा की स्थिर गोष्टींपुरतंच हे ठीक आहे. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य माझं आवडतं ठिकाण, पण हलत्या होडीतून ब्रॅकेटिंग करण्यात अर्थ नाही. पक्षी चालत असतात, होडी डुलते, पाणी हलतं. जोडलेल्या फोटोत एका पक्ष्याचे तीन अर्धपारदर्शक पक्षी होतात. सॉफ्टवेअरमधलं डीघोस्टिंग (अशी दुहेरी भुतं काढून टाकणारी सोय) अशा ठिकाणी शेवटी एकाच फोटोतला भाग उचलतं, मग तीन घेऊन काय मिळालं? पक्ष्यांसाठी एकच रॉ.

काठावरून खारफुटी, चिखल आणि पलीकडच्या इमारती घ्यायच्या असतील तर पहाटे ओहोटीच्या वेळी जा. ओला चिखल आकाश परत दाखवतो, त्यामुळे खालचा भाग आपोआप उजळतो आणि वरखालच्या उजेडातलं अंतर कमी होतं. वारा सुटायच्या आत काम आटपा, कारण खारफुटीची पानं हलली की प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी दिसतात. निघण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा बघाच.


आकाशकंदील

दिवाळीत राम मारुती रोडला कंदील आणि रोषणाई टिपताना विचित्र प्रकार होतो. ब्रॅकेटमधल्या कमी एक्स्पोजरच्या फोटोत आडवे काळपट पट्टे येतात, रंगही बदललेला. जास्त एक्स्पोजरचे फोटो व्यवस्थित. जोडल्यावर सगळी घाण दिसते. कॅमेरा बिघडलाय का?


चौदाबिट

कॅमेरा ठीक आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही. शटर १/४०० असेल तर त्या चढउताराचा छोटा तुकडाच पकडला जातो, आणि सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्याने त्याचे पट्टे दिसतात. १/१०० किंवा त्याहून सावकाश घ्या, म्हणजे पूर्ण आवर्तन मिळेल. १/१००, १/२५, १/६ असं ब्रॅकेट करा. उजेड जास्त झाला तर आयएसओ आणि अ‍ॅपर्चर सुरुवातीलाच कमी करून घ्या. स्वस्त एलईडी माळा याहून वेगळ्या गतीने लुकलुकतात, तिथे आधी दोन-चार चाचण्या घ्या.

आणि पिवळे दिवे, पांढरे एलईडी, आकाशाचा निळा उजेड हे एकत्र आले की त्यातला रंगांचा गोंधळ एचडीआरने सुटत नाही. तो वेगळा विषय आहे.


कळवाकरीण

सॉफ्टवेअर विकतच घ्यावं लागतं का?


खाडीपल्याड

नाही. ल्युमिनन्स एचडीआर फुकट आहे, डार्कटेबलही. मला हगिनबरोबर येणारं एन्फ्यूज सगळ्यांत आवडतं. ते टोन मॅपिंगच्या भानगडीत पडतच नाही. प्रत्येक फोटोतला नीट उजेडाचा, स्पष्ट आणि रंगदार भाग निवडून मिसळतं. ही पद्धत २००७ सालच्या एका शोधनिबंधातून आली, तिला एक्स्पोजर फ्यूजन म्हणतात. चित्र नैसर्गिक येतं. लाइटरूम असेल तर त्यातलं मर्जही चांगलं आहे, आणि त्यातून रॉसारखीच डीएनजी फाइल मिळते.


जुनं_अंगण

धागा पहिल्यापासून वाचतेय. मला तलाव किंवा पूल नको आहेत, एक वेगळंच काम आहे.

नौपाड्यात आमचं जुनं दुमजली घर आहे. आता ते पुनर्विकासात जाणार, दिवाळीआधी रिकामं करायचं आहे. आई त्याच घरात लग्न होऊन आली. खालची मधली खोली भर दुपारीही अंधारी असते, आणि तिच्या एकुलत्या खिडकीतून मागचं आवार दिसतं. आई तिथेच बसून भाजी निवडते. फोटोत एक तर खिडकी पांढरी होते, नाही तर खोली काळी. फ्लॅश लावला तर ती आमची खोली वाटतच नाही. आवारातल्या आंब्याचाही आता भरवसा नाही. मला खोली आणि खिडकीतलं झाड दोन्ही एकाच फोटोत हवं आहे, आईला दिसतं तसं. धाकट्या भावाचा एक डीएसएलआर आहे.


उपवनकाठ

ताई, या तंत्राचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. सविस्तर लिहितो.

आधी अंतर बघू. बाहेर कडक ऊन असेल तर आयएसओ १००, एफ/१६ ला साधारण १/१०० लागतं, म्हणजे एफ/८ ला १/४००. तुम्ही सांगता तशा खोलीत त्याच अ‍ॅपर्चरला दोन-अडीच सेकंद लागू शकतात. हे जवळजवळ दहा स्टॉप झाले, म्हणजे हजार पट. त्यामुळे १/४००, १/१००, १/२५, १/६, ०.६ आणि २.५ सेकंद असे सहा फोटो घ्या. कॅमेऱ्याचं ब्रॅकेटिंग तीनवरच थांबत असेल तर मॅन्युअल मोडवर हाताने शटर बदला. चाक फिरवताना ट्रायपॉड हलणार नाही एवढं बघा.

पण कडक उन्हात घेऊच नका. आत्ता पावसाळा आहे, तो तुमच्या बाजूने आहे. ढगाळ दिवशी आवारावरचं थेट ऊन जातं, आणि खोलीतला उजेड मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही, कारण तो बराचसा आकाशाकडूनच येत असतो. अंतर कमी होतं, पानांचा रंगही गडद येतो. फक्त वारा पडलेला हवा. पानं हलत असतील तर खिडकीतला भाग एकाच फोटोतून घ्या.

ट्यूब आणि बल्ब बंद ठेवा. खिडकीचाच उजेड राहू दे, म्हणजे रंगांचा प्रश्न येत नाही.

आई चौकटीत असतील तर आधी रिकाम्या खोलीचे सहा फोटो घ्या. मग कॅमेरा तसाच ठेवून आईंना नेहमीच्या जागी बसवा आणि त्यांचा एकच फोटो घ्या. त्यासाठी आयएसओ १६०० करून शटर १/६ च्या आसपास आणा आणि त्यांना क्षणभर स्थिर बसायला सांगा. नंतर आईंचा भाग या फोटोतून आणि बाकी खोली जोडलेल्या फोटोतून घेता येते. त्या भाजी निवडत असतील तर हात थोडे हललेले येतील. ते येऊ देत.

शेवटी टोन मॅपिंग. खिडकी खोलीपेक्षा स्पष्टपणे उजळच राहिली पाहिजे. खिडकीजवळची भिंत मध्यम, आणि तिथून आत आत उजेड कमी होत गेलेला. दोन्ही सारखी दिसली तर ती जाहिरातीतल्या फ्लॅटची खोली होईल.


कृष्णधवल

+१. ताई, माळ्याखाली किंवा जिन्याखाली कोपरा असेल तर तो पूर्ण काळा ठेवा. लहानपणी तिथे काय होतं ते घरातल्यांना माहीत आहे, उजळून दाखवायची गरज नाही.

आणखी एक. घर रिकामं करण्याआधी काढा. भांड्यांची फळी, देव्हारा, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं जागेवर असताना. ज्या उंचीवरून आई बसून बघते त्या उंचीवर कॅमेरा ठेवा, म्हणजे जमिनीपासून अडीच फुटांवर. उभ्याने काढलेला फोटो पाहुण्याच्या नजरेचा होतो. आणि जमलं तर कागदावर छापून घ्या. छापील कागदाची उजेडाची कक्षा पडद्याहूनही कमी असते, तेव्हा छापण्यासाठी सावल्या किंचित वर घ्याव्या लागतील. आधी लहान आकारात एक नमुना काढून बघा.


जुनं_अंगण

तुम्हा दोघांचे आभार मानावेत तितके थोडे. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, जिन्याखाली पापडाचे डबे असायचे, तो कोपरा काळाच राहू दे. भावाच्या कॅमेऱ्याचं ब्रॅकेटिंग तीनचंच आहे, त्यामुळे हातानेच करू. पण ट्रायपॉड आमच्याकडे नाही. दोन उशांवर कॅमेरा ठेवून चालेल का?


उपवनकाठ

उशा दबतात, सहा फोटो जुळणार नाहीत. स्टूल घ्या, त्यावर जाड पुस्तकं, त्यावर कॅमेरा, आणि दोन सेकंदांचा टायमर. पण मी पाचपाखाडीत राहतो आणि माझ्याकडे जमिनीलगत उघडणारा ट्रायपॉड आहे. तुमची आणि आईंची हरकत नसेल तर तो घेऊन येतो. व्यक्तिगत निरोपात दिवस कळवा. ढगाळ असेल असा बघा, सकाळी दहाच्या पुढे, आवारात थेट ऊन नको.


खाडीपल्याड

रिकाम्या मेमरी कार्डांची सोय माझ्याकडून. वरच्या मजल्याच्या खोल्याही त्याच दिवशी उरकून घ्या.